उपस्थित महिलांनी समाधान व्यक्त केले

माळशेंद्रे गावात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, मग तो पुरुष असो नाहीतर बाई. सरकारने मधल्या काळात पदाचं नाव बदललं, दारावरची पाटी बदलली. गावाने काही हाक बदलली नाही. त्यामुळे चारुशीला मगदूम ही सत्तावन्न वर्षांची, गुडघ्यांनी बेजार झालेली, चार महिन्यांनी निवृत्त होणारी बाई गावभर भाऊसाहेब म्हणूनच ओळखली जायची. तिलाही आता त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माणूस दमला की हाक कुठलीही असो, ओ देतो.

२०४१ सालच्या एक मेच्या ग्रामसभेत ती नेहमीसारखी टेबलाच्या कडेला इतिवृत्ताची वही उघडून बसली होती. वर पत्रा, खाली सतरंजी, मधे उकाडा. टेबलावर पडताळा होता.

पडताळा म्हणजे पोळपाटाएवढी एक पेटी. सभेतले सगळे माइक तिच्यातून जातात. माणूस बोलला की पेटी त्याचं बोलणं ऐकते, खेडवळ असो की पुस्तकी, आणि त्यातलं मत वेगळं काढते, विधान वेगळं. ‘रस्ता भिकार आहे’ हे मत. त्याला दिवा नाही. ‘रस्त्याचं काम गेल्या मार्चात झालं’ हे विधान. ते ती तीन सेकंदांत सगळ्या सरकारी कागदांशी ताडून बघते: सातबारे, दवाखान्याची रजिस्टरं, जुनी इतिवृत्तं, सगळं. कागद जुळला तर हिरवा दिवा. कागदच नसला तर पिवळा. कागद उलटं सांगत असला तर लाल. लाल लागला की त्या वेळेपुरता माइक बंद. आणि वर्षात तीन लाल झाले की दोन वर्षं सभेत बोलायला बंदी.

हा नियम गावानेच केलेला. खरं सांगायचं तर पेटी मागितली बायकांनीच. दोन वर्षांपूर्वीच्या महिला सभेत तानूबाई सुतार, म्हणजे गावाची तानाक्का, उठून म्हणाली होती, “गडी रेटून खोटं बोलत्यात, आन आम्ही खरं बोललो तरी आवाज चढवून गप करत्यात. ज्याला आवाज न्हाई आन कुणाची भीड न्हाई, असं कायतरी बसवा की.” बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पेटी आली त्याच दिवशी सरपंच दिनकर माने ‘गावातल्या शंभर टक्के घरांत नळाचं पाणी’ म्हणाले, लाल दिवा लागला आणि त्यांचा माइक बंद पडला. ओठ हलतायत, आवाज नाही. गाव आठ दिवस हसत होतं. त्यानंतर लोक कागद घेऊन सभेला यायला लागले, आरडाओरडा कमी झाला. हे श्रेय पेटीला द्यायलाच हवं.

आज विषय होता उपकेंद्राचा. गावातलं बाळंतपणाचं उपकेंद्र बंद करून अठरा किलोमीटरवरच्या रुग्णालयात विलीन करायचं, असा जिल्ह्याचा प्रस्ताव होता. कारण दिलं होतं: ‘स्थानिक महिलांची सेवेबाबत कोणतीही मागणी वा तक्रार नाही.’

तानाक्का उठली. तिच्या नावावर या वर्षात आधीच दोन लाल होते. ‘बारा वर्षं हितं रातची नर्स न्हाई,’ हा एक. ‘आम्ही दर सभेला सांगत आलोय,’ हा दुसरा. शेजारणीने तिचा पदर ओढला, पण ती बसली नाही.

“माजी लेक रंजना बाळंतपणात गेली,” ती म्हणाली.

हिरवा. मृत्यूच्या नोंदवहीत होतं ते.

“उपकेंद्राला कुलूप हुतं.”

लाल. माइक बंद. समोरच्या पडद्यावर बारा वर्षांपूर्वीच्या महिला सभेचं पान आलं, आणि पेटीने खालच्या दोन ओळी उजळवल्या: ‘उपकेंद्र नियमित सुरू असून त्याबाबत उपस्थित महिलांनी समाधान व्यक्त केले.’ खाली सह्या आणि जांभळे अंगठे. त्यातल्या एका अंगठ्याभोवती गोल.

तानाक्काला वाचता येत नाही. पण तिच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी जखम आहे, आणि ठशात ती पांढरी तिरकी रेघ होऊन उतरते. तिने ती रेघ ओळखली.

“आक्का, तुजाच अंगठा हाय की ह्यो,” मागून कुणीतरी म्हणालं. टोचायला नाही, आश्चर्याने.

सरपंच माने काही वाईट माणूस नव्हे. तेही वैतागूनच म्हणाले, “आक्का, मशीन तुम्हीच मागितलं होतं. आता तिसरा लाल झाला. आठ दिवसांत अपील करा. पुरावा असला तर सभेतच तपासू, सगळ्यांसमोर. ठराव तोवर तहकूब.”

तानाक्का खाली बसली. चारुशीलाने वहीत मान घातली. पडद्यावरचं अक्षर तिचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीत निगार मुल्लाणी आली. जिल्ह्यातल्या सगळ्या पेट्यांची तपासनीस, तिशीची, कामाला चोख. अपिलाआधी कागद बघून जायची तिची पद्धत होती. तिने ते पान पडद्यावर घेतलं.

“हे पान लई भारी आहे, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “पेटी प्रत्येक कागदाला वजन देते. कोणी लिहिला, कधी लिहिला, किती जणांनी सह्या केल्या, आधीच्या-नंतरच्या कागदांशी जुळतो का. हा त्या वेळचा, चौसष्ट बायकांच्या सह्या-अंगठे असलेला, आणि पुढच्या सगळ्या सभांत तेच वाक्य. समोर आजीचा एकटीचा शब्द. आजीबाई खोटं बोलतात असं पेटी म्हणत नाही हं. फक्त कागदाशी जुळत नाही म्हणते.”

“गावाला लाल म्हणजे खोटंच वाटतं,” चारुशीला म्हणाली.

“ते गावाचं झालं.”

पंखा कुरकुरत होता. चारुशीलाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एकदम म्हणाली, “त्या सभेत तानाक्का बोलली होती. कुलपाचं, रंजनाला ट्रॅक्टरमधून न्यावं लागल्याचं, सगळं. पोर जाऊन चार महिने झाले होते. मी समोर बसून ऐकलं. आणि लिहिलं नाही.”

निगारने विचारलं, “का?”

का! याचं उत्तर चारुशीलाने बारा वर्षं स्वतःला नाना तऱ्हांनी दिलं होतं. तेव्हा तिच्याकडे चार गावांचा कार्यभार होता. तक्रार लिहिली की तिचं उत्तर वर पाठवावं लागे, उत्तराला पुन्हा प्रश्न येई. इतिवृत्त ती तीन दिवसांनी घरी बसून लिही, तोवर चारही गावांच्या सभांची खिचडी झालेली असे. ‘चर्चा होऊन’, ‘सर्वानुमते’, ‘समाधान व्यक्त केले’, ही वाक्यं तिच्या पेनातून आपोआप उतरत. त्या वेळी तिने आरोग्य अधिकाऱ्याला फोनही केला होता. तो ‘बघतो’ म्हणाला होता. तेवढ्यावर तिने मनाचं समाधान करून घेतलं होतं.

“दमले होते,” ती म्हणाली.

“मग सभेत सांगा तसं.”

“पेटी काय म्हणेल?”

निगारने जरा विचार केला. “लालच. बारा वर्षांनी आठवलेलं तोंडी बोलणं विरुद्ध त्या वेळचा सहीचा कागद. तुम्ही लिहिलंय म्हणून तुम्हाला जास्त वजन, असं काही नाही. उलट लोक निवृत्तीच्या तोंडावर दबावाखाली काय काय म्हणतात, हेही ती धरते.”

चारुशीला पडद्याकडे बघत राहिली. ‘समाधान’ हा शब्द मजकुराच्या तळाशी दाटीवाटीने बसवलेला होता. जागाच उरली नव्हती. ‘समा’ रिकाम्या कागदावर, आणि ‘धान’ थेट तानाक्काच्या अंगठ्यावर चढलेलं.

तिला ती दुपार आठवली. माळशेंद्र्याची रीतच तशी होती, माळशेंद्र्याचीच कशाला, सगळ्या तालुक्याची होती. बायकांना घरी कामं असत, बसायला वेळ नसे. म्हणून आल्या आल्या कोऱ्या पानाच्या खालच्या भागात त्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे आणि सोडायचं. आधी सह्या, मग मजकूर. वर उरलेल्या जागेत मजकूर नंतर मावेल तसा मावायचा.

“निगार, आधी अंगठा आणि नंतर अक्षर, की उलट, हे या पेटीला ओळखता येतं?”

निगारने मान वर केली. “कळायला हवं. शिक्क्याची शाई वाळलेली असली आणि तिच्यावरून बॉलपेन गेलं, की पेनाचं टोक थोडी जांभळी शाई बरोबर ओढून नेतं. निळ्या रेघेला पुढे जांभळी शेपटी येते. आणि अंगठा नंतर उमटला असेल तर शाई पेनाच्या खोबणीवरून सलग जाते. वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात मूळ वहीचे फोटो काढले की स्पष्ट दिसतं. पेटीला येतं ते.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “तिला आजवर कुणी विचारलंच नाही. ती शब्द वाचते.”

“मग विचारू.”

“भाऊसाहेब, थांबा. हे सिद्ध झालं तर एका पानावर भागणार नाही. लिहिणाऱ्याचं वजन उतरलं की त्याने लिहिलेल्या सगळ्या पानांचं उतरतं. जी पानं शाईने खरी ठरतील तेवढीच उरतील. तुमच्या हातचं चांगलं कामही जाईल. आणि तुमची चौकशी लागेल ती वेगळीच.”

चांगलं काम. चारुशीलाच्या सगळ्या नोकरीत अभिमानाने सांगावं असं एकच पान होतं: आठ वर्षांपूर्वीचा ठराव. नवऱ्यांनी टाकलेल्या अकरा बायकांची नावं त्यांच्या राहत्या घरांना लागली होती त्या ठरावाने. त्यातल्या एकीला दिराने कोर्टात खेचलेलं होतं. तिची सगळी भिस्त त्या पानावर होती.

*

तानाक्का परसात शेंगा फोडत बसली होती. चारुशीलाला बघून ती सवयीने उठली. “चा ठेवते.”

“नको, आक्का. बस.”

पूर्वी चारुशीला एसटीने यायची तेव्हा दुपारी याच घरी जेवायची. रंजना तिला वाढायची. चारुशीलाने उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं, एका दमात, कुठेही न थांबता. थांबली असती तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

तानाक्काने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“मला वाटलं मीच कायतर चुकीचं बोलले आसंन तवा,” ती म्हणाली. “रात्री निजताना म्हटलं, माजाच अंगठा हाय म्हंजे मीच म्हटलं आसंल. पोरीच्या दुःखात माणसाला भान ऱ्हातं का. आपल्याच डोस्क्यावरचा इस्वास उडाला माजा, भाऊसाब.”

चारुशीलाला रडू येत नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाजही जुनी, वापरून विटलेली होती.

“तू हितं जेवत हुतीस,” तानाक्का म्हणाली. आवाज चढला नाही. “तिच्या हातचं.”

“हो.”

मग चारुशीलाने त्या अकरा बायकांच्या पानाचंही सांगितलं. शाई तपासली तर ते पान जाईल, त्यांची घरं धोक्यात येतील. तिला कुठेतरी वाटत होतं की तानाक्का म्हणेल, राहू दे मग. तसं ती म्हणाली असती तर चारुशीला उठून निघून गेली असती. खोटं कशाला सांगायचं.

“ते पान जायचं न्हाई,” तानाक्का म्हणाली. “त्या येळंला तू शाई फुडं केलीस, आन मी हात मागं घेतला. म्हटलं, घराचं काम हाय, आधी वाच. माजी आई घराच्या कागदावर अंगठा दिऊन उघड्यावर आली हुती. तू वैतागलीस. पर लिवलंस, वाचलंस, मग आम्ही अंगठं दिलं. आठवत न्हाई तुला?”

चारुशीलाला अंधुक आठवत होतं. अंधुक आठवण्यावर अकरा घरं टांगायची का?

“आक्का, मग रंजनाच्या वेळी का नाही म्हणालीस, आधी वाच म्हणून?”

तानाक्काने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. “लिवणारी तू हुतीस. म्हणून इचारलं न्हाई.”

*

नऊ मेला सभा पुन्हा भरली तेव्हा बसायला जागा उरली नव्हती. निगारने इतिवृत्ताची मूळ वही कॅमेऱ्याखाली ठेवली. चारुशीला टेबलामागून उठली, फिरून पुढे आली आणि गावकऱ्यांच्या माइकसमोर उभी राहिली. सगळ्या नोकरीत ती तिथून कधी बोलली नव्हती.

“बारा वर्षांपूर्वीच्या सभेत तानूबाई सुतार बोलल्या की उपकेंद्राला कुलूप होतं. मी ते ऐकलं. मी ते लिहिलं नाही. बायकांनी समाधान व्यक्त केलं हे वाक्य खोटं आहे, आणि ते माझं आहे.”

लाल. माइक बंद.

तिला ते माहीतच होतं. सभेत कुजबुज वाढली, सरपंच काहीतरी म्हणायला पुढे झुकले. चारुशीला माइकशिवायच बोलली. पोरांना शिकवणाऱ्या मास्तरणीसारखा घसा ताणावा लागला. “आता शब्द नका बघू. शाई बघा. मी या वहीत आधी सह्या घ्यायचे आणि मजकूर नंतर लिहायचे. सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीच दिल्यात सह्या.”

बायकांच्या बाजूने कुणीतरी “व्हय की” म्हणालं.

निगारने प्रश्न टाकला. नेहमी तीन सेकंद घेणाऱ्या पेटीला या वेळी मिनिटभर लागलं. मग पडद्यावर ‘धान’मधला एक काना आला, हाताएवढा मोठा. निळी रेघ तानाक्काच्या अंगठ्यातल्या वळ्या कापत गेली होती आणि कापून बाहेर पडताना तिच्या टोकाला जांभळी शेपटी होती. दिवा हिरवा झाला. पेटीने तिच्या सपक आवाजात सांगितलं, “अंगठा आधी. मजकूर नंतर.”

मग पानं उलटत गेली. जिथे जिथे अक्षर आणि अंगठा एकमेकांवर आले होते तिथे तिथे तेच: अंगठा आधी, मजकूर नंतर. अंगठा आधी, मजकूर नंतर. चारुशीला पानांच्या तारखा वाचत होती. आठ वर्षांपूर्वीचं वर्ष आलं तसा तिने टेबलाचा काठ धरला. अकरा बायकांपैकी सात जणी सतरंजीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या.

“मजकूर आधी,” पेटी म्हणाली. “अंगठा नंतर.”

एकच पान. पेटी पुढे सरकली, आणि पुन्हा अंगठा आधी सुरू झालं. चारुशीला जवळच्या खुर्चीत बसली. तानाक्काने तिच्याकडे बघितलं नाही.

यानंतर जे झालं त्याला विजय वगैरे म्हणता येणार नाही. पेटीने तानाक्काचे तिन्ही लाल मागे घेतले हे खरं. पण चारुशीलाच्या हातच्या बाकी सगळ्या कागदांचं वजनही उतरवलं. सरपंचांनी सवयीने ‘पाण्याच्या टाकीचा ठराव सर्वानुमते झालेला आहे’ असं म्हणून बघितलं. पिवळा. गायरानाचं बोलून बघितलं. पिवळा. त्यांनी कपाळाला हात लावला.

“मग आता खरं काय धरायचं, ते तरी सांगा. सगळाच पिवळा झाला की.”

तेवढ्यात तानाक्का उठून माइकपाशी गेली.

“उपकेंद्राला कुलूप हुतं.”

पिवळा. माइक चालूच राहिला.

“पिवळा म्हंजे?” तिने निगारला विचारलं.

“म्हणजे पेटीला माहीत नाही, आजी.”

“मग मी सांगते,” तानाक्का म्हणाली, आणि सांगायला लागली. कोणता वार होता, कळा कधी सुरू झाल्या, कुलूप कसलं होतं, कोण कोण दार वाजवून आलं. पिवळा, पिवळा. तिचं झाल्यावर मागच्या रांगेतला एक पांढऱ्या मिशीचा गडी न बोलावता उभा राहिला. “ट्रॅक्टर माजा हुता,” तो म्हणाला. “कुलूप मीबी बगितलंय. ओढ्याच्या पुलावर पोरीनं जीव सोडला, तितंच मी थांबवला ट्रॅक्टर. आजवर कुणी इचारलं न्हाई.” मग एक बाई उठली. तिचं बाळ त्याच दारात जन्मलं होतं, पायरीवर. मग आणखी एकजण उठून म्हणाली की तिच्या वेळी नर्स होती आणि चांगली होती, हेही लिहा. कुणी कुणाचा आवाज दाबला नाही. चार वाजेपर्यंत दिवा पिवळाच होता, आणि लोक एकमेकांचं ऐकत होते, तारखा जुळवत होते, ‘न्हाई न्हाई, तो बुधवार हुता’ म्हणून भांडत होते.

उपकेंद्राचा ठराव त्या दिवशी झाला नाही. जिल्ह्याला ही जबानी आधी पाठवायची एवढंच ठरलं. चौकशीची नोटीस चारुशीलाला तिसऱ्या दिवशी आली. पण ते नंतरचं.

त्या दुपारी ती पुन्हा टेबलामागे जाऊन बसली, कारण लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. नवं पान काढलं. तानाक्का बोलली तसं लिहिलं, तिच्याच शब्दांत, कुलूप, ट्रॅक्टर, पूल. हात भरून आला तेव्हा बोटं मोडून पुन्हा लिहिलं. चर्चा होऊन, सर्वानुमते, असलं एकही वाक्य तिने येऊ दिलं नाही. ती वाक्यं दर ओळीला पेनाच्या टोकाशी येऊन उभी राहत होती.

लिहून झाल्यावर तिने वही फिरवली आणि शाईचा डबा उघडून पुढे सरकवला.

तानाक्काने हात पदराखालून काढला नाही.

“आधी वाच,” ती म्हणाली.